फोटो प्रमाण की दृष्टान्त? सचित्र युद्धइतिहास कसा वाचायचा

सिनॉप्सिस लिहायला घेतला की एक प्रश्न हमखास येतो : चित्रांचं पुस्तक संदर्भसूचीत घालावं का? लष्करी इतिहासाचा विषय घेतलेल्यांना तर हा प्रश्न फारच छळतो, कारण या विषयात सगळ्यात सहज हाती लागणारी पुस्तकं नेमकी हीच असतात. गुळगुळीत कागद, पानापानावर फोटो, मधोमध रंगीत चित्रं आणि खाली बारीक अक्षरात ओळी. गाइड म्हणतात, ‘हे लोकप्रिय लेखन आहे, काढून टाका.’ तुम्हाला मात्र माहीत असतं की त्यातली निम्मी माहिती दुसरीकडे कुठेच मिळालेली नाही.

माझं उत्तर असं : पुस्तक ठेवा, पण ते कशासाठी ठेवलंय ते आधी ठरवा. आजचा लेख त्या ठरवण्याबद्दल आहे. त्यासाठी आपण एक पुस्तक घेऊ, आणि मग एक फोटो घेऊ, ज्याचा संबंध मराठ्यांच्या एका पलटणीशी आहे.

आधी पुस्तक

ली नेव्हिल यांचं अफगाणिस्तानातल्या विशेष दलांवरचं पुस्तक ऑस्प्रे या ब्रिटिश प्रकाशनाच्या ‘एलिट’ मालिकेत २००८ साली आलं. पानं ६४. रंगीत चित्रं रामिरो बुहेइरो यांची. २००१ नंतरच्या युद्धात कोणकोणत्या देशांची विशेष दलं उतरली, त्यांच्याकडे कोणती हत्यारं होती, गाड्या कोणत्या, गणवेश कसा, हे त्यात आहे. ज्याला बंदुकीचा प्रकार ओळखायचा आहे किंवा खांद्यावरच्या पट्टीवरून तुकडी ओळखायची आहे, त्याला असं पुस्तक वरदान वाटतं. विद्यापीठातले इतिहासकार या बारकाव्यांकडे सहसा फिरकत नाहीत. एखाद्या प्रबंधात रायफलचं नाव चुकलेलं असतं आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. ऑस्प्रेचा नेहमीचा वाचक मात्र ती चूक क्षणात पकडतो. एवढं श्रेय या पुस्तकांना द्यायलाच हवं.

अडचण साच्याची आहे. ६४ पानांत युद्ध बसवायचं, त्यातली बरीचशी जागा चित्रांना द्यायची, तर पानाखालच्या टिपांना जागा उरत नाही. एखादं विधान कुठून आलं, याचा माग काढता येत नाही. आणि दुसरी अडचण याहून मोठी आहे. अशा पुस्तकात तीन जातींची चित्रं एकाच पानावर, एकाच आकारात, एकाच तोऱ्यात बसलेली असतात. एक, जवानाने स्वतः काढलेला फोटो. दोन, सरकारने वृत्तपत्रांना वाटलेला फोटो. तीन, चित्रकाराने नंतर रंगवलेला प्रसंग. तिन्हींची साक्ष वेगवेगळी असते. पण छापून आल्यावर डोळ्यांना तो फरक दिसत नाही.

दुसऱ्या जातीचं उदाहरण बघा. १९ ऑक्टोबर २००१ च्या रात्री अमेरिकेच्या ७५ व्या रेंजर रेजिमेंटचे सुमारे २०० जवान कंदाहारच्या नैर्ऋत्येला वाळवंटातल्या एका धावपट्टीवर छत्रीने उतरले. दुसऱ्याच दिवशी पेंटागॉनने त्याची हिरवट रंगाची, रात्रीच्या कॅमेऱ्याची चित्रफीत पत्रकारांना दाखवली. विशेष दलांच्या कारवाया गुप्त असतात असं आपण धरून चालतो. मग ही लगेच का दाखवली? ती चित्रफीत खोटी नव्हती. ती दाखवण्यासाठी निवडलेली होती. ‘आम्ही जमिनीवर उतरलो आहोत’ हे जगाला कळावं, हाही त्या कारवाईच्या उपयोगाचा एक भाग होता. पुढे कुठल्याही सचित्र पुस्तकात तिच्यातली चौकट दिसली, तर ती युद्धाचा फोटो तर आहेच, शिवाय सरकारी निवेदनही आहे. संशोधक म्हणून तुम्हाला दोन्ही वाचता आली पाहिजेत.

प्रमाण आणि दृष्टान्त

मी नेकनूरचा. मांजरसुंब्याकडून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं आमचं गाव बंकटस्वामींमुळे कीर्तनाच्या जगात ओळखलं जातं. कीर्तन ऐकत वाढलेल्या माणसाला एक फरक वेगळा शिकवावा लागत नाही. कीर्तनकार मुद्दा मांडतो, तो पक्का करायला संतवचनाचं प्रमाण देतो, आणि तो ऐकणाऱ्याच्या गळी उतरावा म्हणून दृष्टान्त सांगतो. दृष्टान्तातला राजा कुठल्या साली होऊन गेला, असं पारावरचं म्हातारं माणूसही विचारत नाही. दृष्टान्त समजावण्यासाठी असतो, प्रमाण सिद्ध करण्यासाठी.

सचित्र इतिहासाची खरी गोम इथे आहे. पुस्तक करणारा फोटो पुष्कळदा दृष्टान्त म्हणून वापरतो आणि वाचणारा तो प्रमाण म्हणून घेतो. ‘पॅराट्रूपर उतरताना असे दिसतात’ एवढंच सांगण्यासाठी लावलेला फोटो, वाचणाऱ्याच्या डोक्यात ‘त्या दिवशी, त्या जागी, हेच जवान’ असा जाऊन बसतो. ही अदलाबदल सगळ्यात स्पष्ट दिसते ती १९७१ च्या टांगाइलच्या उडीत.

टांगाइल, ११ डिसेंबर १९७१

आधी घडलं काय ते बघू. पूर्व पाकिस्तानच्या उत्तरेकडून जमालपूर आणि मैमनसिंग सोडून पाकिस्तानची ९३ ब्रिगेड ढाक्याकडे मागे येत होती. ती ढाक्यात पोचली असती तर शहराचा बचाव बळकट झाला असता. तिची वाट अडवायची म्हणून टांगाइलजवळचा पुंगली पूल ताब्यात घ्यायचं ठरलं. ११ डिसेंबरच्या दुपारी उशिरा, दिवस मावळायच्या बेतात असताना, पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण तिथे आकाशातून उतरली. कमांडिंग ऑफिसर होते लेफ्टनंट कर्नल कुलवंत सिंग पन्नू, ज्यांना पुढे महावीर चक्र मिळालं. त्याआधी कॅप्टन पी. के. घोष गुपचूप त्या भागात शिरून, कादेर सिद्दिकींच्या मुक्तिवाहिनीच्या मदतीने उतरायची जागा बघून आले होते. पलटणीने पूल घेतला, रात्रभर हल्ले परतवले, आणि दुसऱ्या दिवशी जमिनीवरून पुढे आलेली १ मराठा लाइट इन्फंट्री त्यांना येऊन मिळाली. १६ डिसेंबरला ढाक्यात सर्वात आधी शिरलेल्या भारतीय तुकड्यांत ही दुसरी पॅरा होती.

आता ही पलटण कोणती? पूर्वीची ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण. १९४६ मध्ये तिचं रूपांतर छत्रीधारी पलटणीत झालं आणि १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली तेव्हा ती ‘२ पॅरा (मराठा)’ झाली. म्हणजे पुंगलीच्या पुलावर आकाशातून आलेली पलटण मूळची मराठा, आणि जमिनीवरून येऊन तिला मिळालेली पलटणही मराठा. मराठीत या प्रसंगावर अजून एक नीट प्रबंध व्हायला हवा, हे तुम्ही मनात टिपून ठेवा.

आणि तो फोटो

टांगाइलच्या उडीसोबत जगभर गाजलेला फोटो म्हणजे आभाळभर छत्र्या. त्या वेळी लष्कराचं जनसंपर्काचं काम आय. राममोहन राव यांच्याकडे होतं. त्यांनी नंतर स्वतः सांगितलेली हकीकत अशी, की प्रत्यक्ष उडीचे फोटो हाताशी नव्हते, म्हणून त्यांनी ५० पॅरा ब्रिगेडच्या आग्र्याजवळच्या आधीच्या एका सरावाचा फोटो वृत्तपत्रांना दिला, आणि तो जुना आहे हे काही सांगितलं नाही. सराव अख्ख्या ब्रिगेडचा होता, त्यामुळे आभाळ छत्र्यांनी भरलेलं. टांगाइलला उतरली ती एक पलटण आणि सोबत तोफखाना वगैरे. पुस्तकागणिक आकडा बदलतो, पण तो ७०० ते १,००० च्या आसपास राहतो. परदेशी बातम्यांत मात्र ५,००० पर्यंतचा आकडा गेला. ढाक्यात बसलेल्या जनरल नियाझींच्या मनावर या बातम्यांचा परिणाम झाला असं पुष्कळांनी लिहिलं आहे.

इथे थोडं थांबा. कारण पहिल्यांदा ही हकीकत कळते तेव्हा आपण एका टोकाकडून थेट दुसऱ्या टोकाला जातो. ‘फोटो खोटा आहे, फेकून द्या.’ हे संशोधकाचं उत्तर नव्हे.

फोटोला आपण कोणता प्रश्न विचारतो त्यावर त्याची किंमत ठरते. ‘टांगाइलला किती जण उतरले, कशा रचनेत उतरले?’ हा तुमचा प्रश्न असेल तर रावांच्या सांगण्यानुसार हा फोटो काहीच सिद्ध करत नाही. छत्र्या खऱ्या, जवान खरे, पण आभाळ दुसरं. ‘१९७१ मध्ये भारताने माहितीचा उपयोग शस्त्रासारखा कसा केला?’ हा तुमचा प्रश्न असेल, तर हाच फोटो पहिल्या दर्जाचं प्राथमिक साधन ठरतो. एकच कागद एका प्रकरणात निकामी आणि दुसऱ्या प्रकरणात कळीचा. म्हणून ‘प्राथमिक’ आणि ‘दुय्यम’ ही लेबलं वस्तूला कायमची चिकटवता येत नाहीत. ती प्रश्नाबरोबर बदलतात. नेट-सेटच्या गाइडात हे दोन रकाने करून दिलेले असतात. ते परीक्षेपुरते ठीक आहेत.

आता दुसरी पायरी. रावांची हकीकतसुद्धा तपासायला हवी. ती कोण सांगतंय? ज्याने फोटो दिला तोच. कधी सांगतोय? युद्ध जिंकल्यावर. गोष्ट अशी की एका फोटोमुळे शत्रूचं धैर्य खचलं, म्हणजे सांगणाऱ्याच्या खात्याचा मान वाढवणारी. रावांनी खोटं सांगितलं असं मी म्हणत नाही. स्वतःच्या विरुद्ध जाणारी कबुलीही त्यात आहे, आणि असं विधान साक्षीत वजनदार मानलं जातं. पण ‘फोटो दिला’ हा एक दावा आहे आणि ‘फोटोमुळे शरणागती झाली’ हा दुसरा. पहिल्याचे ते स्वतः साक्षीदार आहेत. दुसऱ्याचे नाहीत.

शरणागतीची कारणं तुम्ही मांडायला बसलात तर यादी लांब होते. ढाक्याभोवतीचा वेढा, समुद्राची नाकेबंदी, आकाशावर भारतीय हवाई दलाचा पूर्ण ताबा, १४ डिसेंबरला गव्हर्नर हाउसवर झालेला हवाई हल्ला आणि त्यानंतर गव्हर्नर मलिक यांनी दिलेला राजीनामा, बाहेरून मदत येईल ही मावळलेली आशा. या यादीत फोटोला जागा आहे, पण ती किती मोठी हे नियाझींच्या बाजूच्या कागदांतून आणि आठवणींतून दाखवावं लागेल. ‘एका फोटोने युद्ध जिंकलं’ हे वाक्य ऐकायला भारी आहे. तेही दृष्टान्तच आहे, प्रमाण नाही. जुनी दंतकथा मोडणारी गोष्ट कधी कधी स्वतःच नवी दंतकथा होऊन बसते.

‘विशेष दल’ हा शब्द कधीचा?

सचित्र पुस्तकांत आणि मोबाइलवर फिरणाऱ्या पोस्टींत २ पॅरा बरेचदा ‘स्पेशल फोर्सेस’ म्हणून येते. आज ती आहेही. पण १९७१ मध्ये ती छत्रीधारी पायदळाची पलटण होती. त्या युद्धात कमांडो म्हणून लढल्या त्या ९ आणि १० पॅरा कमांडो. १९६५ च्या युद्धात मेजर मेघ सिंग यांनी उभ्या केलेल्या मेघदूत फोर्सच्या अनुभवातून १९६६ मध्ये ९ पॅरा कमांडो उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढच्या वर्षी १० वेगळी झाली. १९७१ च्या डिसेंबरमध्ये लेफ्टनंट कर्नल भवानी सिंग यांच्या नेतृत्वाखाली १० पॅरा कमांडोंनी वाळवंट ओलांडून सिंधमधल्या चाचरोवर छापा घातला. १३-१४ डिसेंबरच्या रात्री ९ पॅरा कमांडोंनी पूंछ भागात मंढोलला शत्रूच्या तोफा उडवल्या. आणि आणखी एक मराठा धागा : २१ मराठा लाइट इन्फंट्रीचं रूपांतर १९९० च्या दशकात २१ पॅरा स्पेशल फोर्सेसमध्ये झालं.

आजचं नाव कालच्या पलटणीला लावणं ही चूक बारीक वाटते. पण व्हायवात परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतो, आणि बरोबरच करतो. आकाशातून उतरून पूल धरून ठेवणं हे एक काम. मूठभर माणसांनी रात्री आत शिरून तोफा उडवून परत येणं हे दुसरं. प्रशिक्षण वेगळं, संख्या वेगळी, यशाचं मोजमापही वेगळं. एकाच शब्दाखाली दोन्ही कोंबली तर तुलनाच करता येत नाही.

याच ठिकाणी सचित्र पुस्तकाचा आणखी एक कल लक्षात येतो. रात्रीच्या अंधारात तोफांपर्यंत सरपटत गेलेल्या माणसांचा फोटो निघणं मुळातच अवघड. दिवसा आभाळातून उतरणाऱ्या छत्र्यांचा फोटो निघतो, आणि देखणा निघतो. मग पुस्तकाची पानं तिकडे झुकतात जिकडे कॅमेरा होता. मंढोलला अर्धं पान, छत्र्यांना पुरं दोन. महत्त्व घटनेवरून ठरण्याऐवजी फोटोच्या उपलब्धतेवरून ठरतं. कुठलंही सचित्र पुस्तक परीक्षणाला घ्याल तेव्हा एक साधा उद्योग करा : प्रत्येक कारवाईला किती पानं आणि किती चित्रं मिळाली याचा तक्ता करा. लेखकाने शब्दांत सांगितलेलं महत्त्व आणि पानांनी दिलेलं महत्त्व यांचा मेळ बसतो का, ते बघा. परीक्षणाचा कणा तिथेच मिळेल.

फोटो तपासायचा कसा?

इथे सचित्र पुस्तकांकडूनच शिकायचं आहे, कारण वस्तू ओळखायची विद्या त्यांच्याकडे आहे. फोटोखाली ‘१९७१’ लिहिलंय ना? मग जवानाच्या हातातली रायफल बघा. त्या काळात भारतीय पायदळाकडे ईशापूरला बनलेली ७.६२ मिमीची सेल्फ लोडिंग रायफल होती. इन्सास त्यानंतर पाव शतकाने हातात आली. इन्सास दिसली तर ओळ चूक, विषय संपला. विमान दिसत असेल तर विमान बघा. टांगाइलला डाकोटा, पॅकेट, कॅरिबू आणि एएन-१२ ही विमानं होती. एएन-३२ भारतात १९८० च्या दशकात आलं. शेपटीचा आकार आणि इंजिनांची संख्या यावरून हा फरक कोणालाही कळतो. रायफल आणि विमान खोटं बोलत नाहीत, बोलते ती खालची ओळ.

पण लक्षात घ्या, आग्र्याचा फोटो या परीक्षेत पास झाला असता. तेच जवान, त्याच छत्र्या, तीच विमानं, काळही जवळचा. म्हणून वस्तूंच्या पुढे जाऊन चार प्रश्न विचारायचे. हा फोटो कोणी काढला? तो पहिल्यांदा कुठे आणि कधी छापून आला? त्याच्या खालची ओळ कोणी लिहिली? आणि तो बाहेर देणाऱ्याला त्यातून काय हवं होतं? पुस्तकात फोटोचं श्रेय ‘संरक्षण मंत्रालय’ असं एका शब्दात दिलेलं असेल तर तुमचा शोध तिथून सुरू होतो. बरेच जण तिथेच तो संपवतात.

मजकुराच्या बाजूने तपासायला आज साधनं आहेत. १९७१ च्या युद्धाचा अधिकृत इतिहास संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाने १९९२ मध्ये तयार केला. तो वर्षानुवर्षं फाइलीत पडून होता, २००० मध्ये इंटरनेटवर फुटला आणि २०१४ मध्ये पुस्तकरूपाने आला. जून २०२१ मध्ये मंत्रालयाने धोरण जाहीर केलं की युद्धांचे कागद साधारणपणे २५ वर्षांनी खुले करायचे. म्हणजे चित्रांच्या पुस्तकातलं विधान पडताळायला दिल्लीला जाणं हा आता एकमेव मार्ग राहिलेला नाही.

जे कुठल्याच पुस्तकात नाही

सचित्र पुस्तकात जवानाचं हत्यार असतं, बूट असतात, गाव नसतं. ‘मराठा’ हा शब्द पलटणीच्या नावात कंसापुरता येतो. आणि ज्या टांगाइलच्या लोकांनी शेतात आणि तळ्यांत पडलेलं सामान गोळा करायला मदत केल्याचं आठवणींत येतं, ते तर चौकटीच्या बाहेरच राहतात. अफगाणिस्तानवरच्या पुस्तकांतही हेच. वाटाड्या, दुभाष्या, ज्याच्या घराच्या छतावर चौकी बसली तो माणूस, सगळे मागच्या धूसर भागात.

आमच्याकडे पहाटे रस्त्याच्या कडेने भरतीसाठी पळणारी पोरं दिसतात. त्यांच्या मोबाइलमध्ये विशेष दलांचे फोटो भरलेले असतात. त्यातल्या कोणालाच आपल्या पंचक्रोशीत १९७१ ला कोण होतं हे फारसं माहीत नसतं. तेव्हा विशीत असलेला माणूस आज सत्तरीच्या पुढे आहे. आपल्या बीड जिल्ह्याच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता. म्हणजे १९७१ मध्ये लढलेल्या इथल्या एखाद्या जवानाचा जन्म एका राज्यात, आणि नोकरी दुसऱ्याच देशाच्या फौजेत. त्याच्या बापाने ‘फौज’ हा शब्द कोणासाठी वापरला असेल आणि त्याने स्वतः कोणासाठी, हा प्रश्न कुठल्याही परदेशी सचित्र पुस्तकाला पडणार नाही. तो तुम्हालाच पडू शकतो.

तेव्हा अशा माणसाकडे गेलात की ‘शौर्याची गोष्ट सांगा’ म्हणू नका, ती त्यांनी शंभरदा सांगितलेली असते. घरातले फोटो मागा. तालुक्याच्या स्टुडिओत सुट्टीवर आल्यावर काढलेला फोटो निघेल. मागे रंगवलेला पडदा, शेजारी कुंडी, कडक इस्त्रीचा गणवेश. तो फोटो रणांगणाचा असल्याचा आव आणत नाही, म्हणून साधन म्हणून तो फार भरवशाचा आहे. तो उलटा करा. मागे स्टुडिओचा शिक्का, तारीख, कोणाला पाठवला त्याचं नाव असू शकतं. त्याची दोन्ही बाजूंनी प्रत काढा, मूळ फोटो त्याच दिवशी परत द्या, आणि परवानगी लिहून घ्या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी जाऊन आलात तर दारं सोपी उघडतात.

आता सिनॉप्सिसकडे या. सचित्र पुस्तक सूचीत ठेवा. गणवेश, हत्यारं, वाहनं यांच्यासाठी त्याचा आधार बिनदिक्कत घ्या. कारणं आणि परिणाम यांच्यासाठी एकट्या त्याच्यावर विसंबू नका. त्यातलं प्रत्येक चित्र वापरताना स्वतःच्या प्रबंधात त्याखाली एक जादा ओळ लिहा : हे चित्र इथे प्रमाण म्हणून आहे की दृष्टान्त म्हणून. आरआरसीसमोर कोणी विचारलंच, तर त्या एका ओळीवर तुम्हाला दहा मिनिटं बोलता येईल. आणि ती ओळ लिहिताच येत नसेल, तर ते चित्र त्या पानावरून काढा.